एएनएचा आकडा आणि दंडावरचे चट्टे

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ३०. दीड वर्षापूर्वी दंडांवर आणि गळ्याखाली गोल चट्टे उठायला लागले, मधे फिकट आणि कडेला लाल. अधूनमधून गालांवरही लाली येते. सकाळी बोटं आखडतात. तपासण्यांत एएनए १:१२८० आलं, अँटी-रो ‘स्ट्राँग पॉझिटिव्ह’, अँटी-डीएसडीएनए निगेटिव्ह. डॉक्टरांनी ल्युपस सांगितला आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केलं. त्याने डोळे जातात असं वाचल्यामुळे मी ते सहा आठवड्यांनी बंद केलं. परवा मीच जाऊन एएनए पुन्हा करून घेतलं, ते १:६४० आलं. म्हणजे आजार निम्मा झाला का? अँटीबॉडी रक्षण करतात असं शाळेत शिकले, मग माझ्याच अँटीबॉडी माझ्यावर का उलटल्या? त्या रक्तातून पूर्ण काढून टाकता येतील का? प्रतिकारशक्ती वाढवायची एक पावडर घ्यायला लागले आहे, तिचा उपयोग होईल ना? बाकी औषध म्हणजे फक्त आम्लपित्ताची पँटोप्राझोलची गोळी, रोज सकाळी, दोन वर्षं झाली. आम्हाला आता बाळ हवं आहे आणि या अँटी-रोची सगळ्यात जास्त भीती त्यासाठीच वाटते. हा आजार नवऱ्याला किंवा बाळाला लागतो का?

उत्तर

ताई, तुम्ही रिपोर्टमधला प्रत्येक आकडा नीट उतरवून पाठवलात आणि चट्ट्यांबद्दल मात्र दोनच ओळी लिहिल्यात. तुमची चूक नाही. छापलेला आकडा खात्रीचा वाटतो, चट्टा येतो आणि जातो. पण माझ्या मते तुमच्या त्या दोन ओळींत रिपोर्टपेक्षा जास्त माहिती आहे.

एक उत्तर आधीच देऊन टाकते. ल्युपस, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटण्याचा आजार, संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शरीरसंबंधाने तो कुणालाही लागत नाही. बाळाचं सविस्तर पुढे लिहिते, कारण तिथे ‘लागणं’ आणि ‘आईकडून काही काळ उसनं मिळणं’ यातला फरक समजून घ्यावा लागेल.

आता अँटीबॉडी. शाळेत शिकलात ते खरंच आहे. जंतू शिरला की बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्या आकाराला नेमकी बसेल अशी प्रथिनं तयार करतात. या पेशी घडत असताना शरीर लाखो नमुने आंधळेपणाने करून बघतं, त्यामुळे त्यांत स्वतःच्याच पेशींना चिकटणारे काही नमुने हमखास निघतात. निरोगी शरीरातही ते निघतात. फरक असा, की तिथे एकामागून एक चाळण्या असतात आणि असे नमुने बाद होतात किंवा गप्प केले जातात. ल्युपसमध्ये या चाळण्या ढिल्या पडतात. कुंपणानेच शेत खावं तसा प्रकार. यामागे आनुवंशिकता असते, स्त्री असणं हेही एक मोठं कारण असतं (रुग्णांत दर दहांपैकी साधारण नऊ जणी स्त्रिया असतात), ऊन असतं, काही वेळा औषधं असतात. तुम्ही काही चुकीचं खाल्लंत किंवा जास्त काळजी केलीत म्हणून हे झालेलं नाही. पत्रात तुम्ही तसं विचारलेलं नाही, पण हा प्रश्न मनात घेऊनच बहुतेक जणी येतात, म्हणून लिहिलं.

या भरकटलेल्या अँटीबॉडींना ऑटोअँटीबॉडी म्हणतात. ल्युपसमध्ये त्यांचा रोख प्रामुख्याने पेशीच्या केंद्रातल्या सामानावर असतो, म्हणजे डीएनए, आरएनए आणि त्यांना धरून असलेली प्रथिनं. याचा पहिला धागा १९४८ साली मिळाला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक वेगळीच पेशी दिसली. दुसऱ्या पेशीचं अख्खं केंद्र गिळून ती फुगून बसली होती. रक्तातलं काहीतरी केंद्रांना चिकटतंय आणि मग पांढऱ्या पेशी ती केंद्रं गिळताहेत, हे त्यातून उमगलं. हे ‘काहीतरी’ म्हणजे अँटीबॉडी, हे १९५७ च्या सुमारास स्पष्ट झालं आणि त्यातूनच आजची एएनए तपासणी आली, म्हणजे केंद्रावर उठलेल्या अँटीबॉडी शोधणारी. तुमच्या रिपोर्टवरची रो, ला, एसएम ही अक्षरं कुठल्याही रसायनाची नावं नाहीत. ज्या रुग्णांच्या रक्तात या अँटीबॉडी पहिल्यांदा सापडल्या, त्यांच्या नावांतली ती अक्षरं आहेत. मला हे नेहमी हलवून जातं. ज्या शब्दाची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते, तो मुळात तुमच्यासारख्याच एका आजारी माणसाच्या नावाचा तुकडा आहे.

१:६४० म्हणजे काय? तुमच्या रक्तातला पाण्यासारखा भाग घेऊन तो ४० पट, ८० पट, १६० पट असा दर पायरीला दुप्पट पातळ करत जातात आणि तो काचपट्टीवरच्या मानवी पेशींवर टाकतात. अँटीबॉडी केंद्राला चिकटल्या की सूक्ष्मदर्शकाखाली केंद्र हिरवं चमकतं. ही चमक ज्या पायरीपर्यंत दिसते, तो तुमचा आकडा. १:१२८० आणि १:६४० यांत एकाच पायरीचं अंतर आहे. तेच रक्त दोन प्रयोगशाळांत दिलं तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून नाही ताई, आजार निम्मा झालेला नाही. वाढलाही नाही. या आकड्यावरून ते कळतच नाही.

एएनए ही दारावरची तपासणी आहे. ल्युपसच्या ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांत ती पॉझिटिव्ह असते, म्हणून ती निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता खूप कमी होते. उलट बाजूने मात्र तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. निरोगी माणसांच्या रक्ताची पाहणी केली तेव्हा १:८० ला साधारण १३ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले आणि १:३२० लाही ३ टक्के. संशोधनासाठी ल्युपसचे रुग्ण निवडण्याचे २०१९ सालचे आंतरराष्ट्रीय निकष हेच सांगतात: एएनए १:८० किंवा त्याहून जास्त असेल तरच पुढे बघायचं, पण त्याचे गुण शून्य. गुण मिळतात ते त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्तपेशी आणि नेमक्या अँटीबॉडी यांना. एकदा निदान झालं की एएनए पुन्हा करण्यात अर्थ नाही. त्याचे पैसे वाचवा.

आता तुमचा खरा प्रश्न, तुमच्याच अँटीबॉडी तुमच्यावर कशा उलटल्या, आणि तो फार चांगला आहे. या अँटीबॉडी केंद्रातल्या वस्तूंवर उठलेल्या असतात. पण केंद्र तर पेशीच्या पोटात, दोन पडद्यांच्या आत असतं आणि जिवंत पेशीत अँटीबॉडी सहसा शिरू शकत नाहीत. कुलूपबंद घरातल्या वस्तूवर बाहेरचा माणूस हात कसा टाकेल? ही गाठ उन्हाने सुटते.

अतिनील किरण त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना जखमी करतात. फार जखमी झालेली पेशी शिस्तीत मरते, म्हणजे स्वतःचं सामान छोट्या छोट्या पुड्यांत बांधून ठेवते, आणि सफाई करणाऱ्या पेशी त्या पुड्या उचलून नेतात. उन्हात गेल्यावर हे प्रत्येकाच्या त्वचेत होतं. १९९४ साली संशोधकांनी दाखवलं की या मरत्या पेशींवर जे बुडबुडे उठतात, त्यांत रो आणि इतर केंद्रातली प्रथिनं गोळा होऊन पृष्ठभागावर येतात. म्हणजे आतलं सामान अंगणात मांडलं जातं. सफाई झटपट झाली तर कुणाला पत्ताही लागत नाही. ल्युपसमध्ये ती रेंगाळते. कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनं या कचऱ्यावर ‘उचला’ अशी खूण करतात. त्यातलं सी१क्यू हे प्रथिन जन्मतःच नसलेली माणसं जगात फार थोडी आहेत, पण त्यांच्यातल्या बहुतेकांना ल्युपस होतो. सफाई किती महत्त्वाची आहे याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

रेंगाळलेल्या कचऱ्याला तुमच्या अँटी-रो चिकटतात. रो हे प्रथिन आरएनएला धरून असतं, म्हणून अँटीबॉडी, प्रथिन आणि आरएनए असा एक गठ्ठा तयार होतो. हा गठ्ठा एका खास जातीच्या प्रतिकार पेशी गिळतात. त्यांच्या आत आरएनए ओळखणारे पहारेकरी असतात, मुळात विषाणूंच्या आरएनएसाठी नेमलेले. त्यांना हा आरएनए आपला की परका, हे कळत नाही. विषाणू आला असं समजून त्या पेशी इंटरफेरॉन नावाच्या धोक्याच्या संदेशाची दवंडी पिटतात. इंटरफेरॉनमुळे आणखी प्रतिकार पेशी त्वचेत धावून येतात, टी पेशी त्वचेच्या खालच्या थराला झोंबतात, वरच्या पेशी उन्हाला आणखी हळव्या होतात आणि बी पेशींना अजून अँटीबॉडी बनवायचा हुकूम मिळतो. पेशी मरतात, सामान बाहेर येतं, पुन्हा तेच चक्र. चट्टा म्हणून तुम्हाला दिसतो तो या चक्राचा वरचा पापुद्रा. ल्युपस असलेल्यांच्या, चट्टा नसलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेतही इंटरफेरॉनची ही कुजबुज चालू असलेली आढळते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. या सगळ्या साखळीला वेळ लागतो. उन्हाने भाजलेली त्वचा त्याच दिवशी लाल होते, ल्युपसचा चट्टा मात्र काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी उठतो. त्यामुळे उन्हाचा आणि त्याचा संबंध लक्षात येत नाही आणि दोष जातो नव्या साबणाला किंवा क्रीमला. पुढचा चट्टा उठेल तेव्हा आदल्या दिवसाचा विचार न करता मागच्या तीन आठवड्यांचा विचार करा.

मग सगळा दोष अँटीबॉडींचाच, असं तुम्ही म्हणाल. इथे थोडं थांबा, कारण तुमचा ‘त्या पूर्ण काढून टाका’ हा बेत याच ठिकाणी अडतो.

अमेरिकी सैन्यदलात दाखल झालेल्यांचं रक्त साठवून ठेवलेलं असतं. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे ते जुने नमुने तपासून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच ऑटोअँटीबॉडी होत्या, काहींच्या तर नऊ वर्षांहून अधिक आधी. एएनए, रो आणि ला सगळ्यात आधी आलेल्या, डीएनएविरुद्धच्या नंतर. एवढी वर्षं त्या रक्तात फिरत होत्या आणि माणूस धडधाकट होता. दुसरं उदाहरण डिस्कॉइड ल्युपसचं. त्यात कानांवर, गालांवर, डोक्याच्या कातडीवर जाड, खवलेदार चट्टे येतात, व्रण राहतात, तिथले केस कायमचे जातात. त्वचेचं सर्वांत जास्त नुकसान करणारा हा प्रकार, आणि यात रक्तातल्या अँटीबॉडी कित्येकदा नावापुरत्याही नसतात. म्हणजे अँटीबॉडी असून त्वचा शांत राहू शकते आणि अँटीबॉडी जवळजवळ नसताना त्वचा जळू शकते.

औषधंही हेच सांगतात. २०११ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं बेलिमुमॅब बी पेशींची रसद तोडतं. २०२१ साली मान्यता मिळालेलं अॅनिफ्रोलुमॅब अँटीबॉडींच्या वाटेलाच जात नाही, ते इंटरफेरॉनचा संदेश पेशीपर्यंत पोचू देत नाही, आणि त्याने त्वचेत ठळक सुधारणा होते. दोन्ही औषधं मोठ्या आजारासाठी आहेत, तुम्हाला आज लागतील असं पत्रावरून वाटत नाही. सांगायचं एवढंच, की चक्र कुठेही तोडलं तरी त्वचा निवते. शिवाय अँटी-रो बनवणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात, म्हणून चट्टे पूर्ण गेल्यावरही ही तपासणी बहुधा पॉझिटिव्हच येत राहते. तिच्या मागे लागणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं. तुमचा साप उन्हात आहे आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद करण्यात आहे.

आता चट्ट्यांकडे येते. मधे फिकट आणि कडेला लाल अशी गोलं, दंडांवर आणि गळ्याखाली, म्हणजे उघड्या राहणाऱ्या भागावर, आणि सोबत अँटी-रो. हे वर्णन वाचल्यावर माझ्यासमोर ल्युपसचा एक ठरावीक त्वचाप्रकार येतो, सबअॅक्यूट क्युटेनिअस ल्युपस. या प्रकारात बहुसंख्य रुग्णांना अँटी-रो असते. तो व्रण ठेवत नाही, पण जागा काही महिने फिकट राहू शकते. पत्रावरून निदान करणं मला मान्य नाही, म्हणून तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना एवढं विचारा: चट्ट्याचा तुकडा तपासायची गरज आहे का? नायट्याचे चट्टेही असेच गोल आणि कडेला लाल दिसतात, त्यामुळे नुसत्या नजरेवर सोडू नये. गालांच्या लालीबद्दलही तेच. ल्युपसची फुलपाखरासारखी लाली गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरते, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बहुधा सोडते. घडीतच लाली आणि तेलकट कोंडा असेल तर कारण वेगळं असू शकतं.

आणि ती आम्लपित्ताची गोळी. तुम्ही ती ‘बाकी औषध म्हणजे फक्त’ असं म्हणून उरकून टाकलीत, मी मात्र तिथेच अडकले. नेमका हा त्वचाप्रकार काही औषधांनी उठतो आणि पँटोप्राझोलच्या गटातल्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या त्या यादीत आहेत. रक्तदाबासाठीच्या काही गोळ्या आहेत, बुरशीवरचं टर्बिनाफिन आहे. तुमची गोळी दोन वर्षांपासून, चट्टे दीड वर्षापासून. हा योगायोग असू शकतो. सांधे आखडतात म्हणजे सगळं खापर गोळीवर फोडता येणार नाही. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना या दोन तारखा शेजारी शेजारी सांगा आणि ही गोळी थांबवता किंवा बदलता येईल का, ते विचारा. औषध कारण असेल तर ते थांबल्यावर काही आठवड्यांत, महिन्यांत चट्टे ओसरतात. अँटी-रो मात्र त्यानंतरही राहू शकते, तिला बघून निराश होऊ नका.

ऊन टाळणं म्हणजे घरात कोंडून घेणं नव्हे. खिडकीची काच भाजणारे किरण बरेचसे अडवते, पण खोल जाणारे यूव्हीए किरण तिच्यातून येतात. ढगांतूनही येतात. म्हणून सनस्क्रीन रोज, एसपीएफ ५० च्या आसपासचं आणि यूव्हीए अडवणारं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. बहुतेक जणी त्याच्या निम्म्यानेही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीन निरुपयोगी ठरवतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. पण माझा जास्त विश्वास कापडावर आहे: दाट विणीच्या लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, बंद गळा. कापड घामाने वाहून जात नाही आणि लावायला विसरायला होत नाही. ऊन कमी झालं की ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते तपासून घ्या. घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर तेही थांबायला हवं. धूम्रपानाने त्वचेचा ल्युपस चिघळतो.

गोळीबद्दल मला तुमच्याशी थोडं आग्रहाने बोलायचं आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तुम्ही सहा आठवड्यांनी सोडलंत, म्हणजे ते कामाला लागण्याच्या बेतात असतानाच. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, पूर्ण दिसायला कधी सहा. मघाशी मी पहारेकऱ्यांबद्दल लिहिलं ना, आरएनए ओळखून दवंडी पिटवणारे? हे औषध त्याच कप्प्यात जाऊन बसतं आणि त्यांना हाक मारू देत नाही. चक्र नेमकं तिथे सैल पडतं. त्याने ल्युपसचे उद्रेक कमी होतात, मूत्रपिंडालाही संरक्षण मिळतं. ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाने ते घ्यावं असं आज मानलं जातं आणि माझंही तेच मत आहे.

डोळ्यांचं खरं आहे, पण अर्धवट सांगितलेलं खरं. हे औषध दृष्टिपटलाला इजा करू शकतं. तो धोका मात्र डोस आणि वर्षं यांवर ठरतो. रोजचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवला तर पहिल्या पाच वर्षांत तो १ टक्क्याहून कमी असतो आणि दहा वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी. वीस वर्षांनंतर तो बराच वाढतो, म्हणून तर तपासणीची पद्धत ठरलेली आहे: पहिल्या वर्षात एकदा डोळे दाखवायचे, पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर लवकर. नजरेत फरक पडण्याआधीच या तपासणीत बदल दिसतात. तुमचं वजन पत्रात नाही, ते आणि लिहून दिलेला डोस एकदा डॉक्टरांबरोबर ताडून घ्या. भीती वाटली तेव्हा तुम्ही गोळी सोडलीत, यात मी आम्हा डॉक्टरांचाही दोष मानते. लिहून देताना हे एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात.

पावडर बंद करा. तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती दिशा चुकलेली आहे. तिला जोर देऊन काय साधणार? अशा पावडरींतल्या सगळ्या घटकांची नावं डब्यावर असतातच असंही नाही, आणि इचिनेशियासारख्या काही वनस्पतींनी ल्युपस भडकल्याच्या नोंदी आहेत. प्रतिकारशक्तीच्या नावाने काही घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून लसी घ्या.

आता बाळ. अँटी-रो ज्या जातीच्या अँटीबॉडी असतात, त्या वारेतून बाळाकडे जातात. निसर्गाची ती सोयच आहे, आईच्या जंतुविरोधी अँटीबॉडी बाळाला पहिले काही महिने पुरतात. त्यांच्याबरोबर अँटी-रोही जातात. काही बाळांना त्यामुळे जन्मानंतरच्या आठवड्यांत चेहऱ्यावर, डोळ्यांभोवती, तुमच्यासारखेच गोल चट्टे येतात. मग सहा-आठ महिन्यांत आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तातून संपतात आणि चट्टेही जातात. बाळाला आजार नव्हताच, उसन्या अँटीबॉडी होत्या. अँटीबॉडी त्वचेवर खरोखर काय करतात, याचं याहून स्वच्छ उदाहरण वैद्यकात सापडणं कठीण आहे. आणि याच उदाहरणाची दुसरी बाजूही बघा: अँटी-रो असलेल्या बहुतेक आयांच्या बाळांना काहीच होत नाही, तर कित्येकदा चट्टे आलेल्या बाळाच्या आईला स्वतःला कसलाच त्रास नसतो. तीच अँटीबॉडी, एकीकडे गप्प आणि एकीकडे बोलकी.

काळजीचा भाग एकच आहे आणि तो मी लपवणार नाही. अँटी-रो असलेल्या आयांच्या १०० गर्भांपैकी एक किंवा दोनांत या अँटीबॉडी हृदयाच्या ठोक्यांची विद्युतवाट बिघडवतात. हे मुख्यतः १६ ते २६ आठवड्यांच्या काळात होतं. पूर्ण बिघडलेली वाट पुन्हा दुरुस्त होत नाही आणि अशा बऱ्याच मुलांना पेसमेकर लागतो. म्हणून त्या आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करण्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा. ज्यांच्या आधीच्या बाळाला हा त्रास झाला होता, अशा स्त्रियांवरचा २०२० सालचा एक अभ्यास आहे. एरवी पुढच्या गरोदरपणात अशांपैकी साधारण १८ टक्के बाळांना तो पुन्हा होतो. गरोदरपणाच्या सुरुवातीपासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतल्यावर ते प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे डोळ्यांच्या भीतीने तुम्ही जी गोळी बाजूला ठेवलीत, ती बाळासाठीही तुमच्या बाजूची आहे. ती गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालू ठेवतात.

पुढे जाऊन बाळाला ल्युपस होईल का? इतर मुलांपेक्षा शक्यता थोडी जास्त असते, पण ल्युपस असलेल्या आयांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही.

बाळाचा प्रयत्न आजार निदान सहा महिने शांत राहिल्यावर सुरू करा. गोळी बंद केल्यापासून चट्टे येत असतील तर ते सहा महिने अजून मोजायला लागलेले नाहीत, म्हणून आजपासून सुरुवात व्हावी असं मला वाटतं. बाळाच्या प्रयत्नाआधी अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीच्या तपासण्या करून घ्या, त्या तुमच्या रिपोर्टमध्ये दिसल्या नाहीत. त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होतात, गर्भपात होऊ शकतात, आणि त्या आहेत हे कळलं तर उपाय आहेत. त्वचेवर त्यांची एक खूण असते, पायांवर जाळीसारखी जांभळट नक्षी. त्या पॉझिटिव्ह निघाल्या तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. सांध्यांसाठी कुणी मेथोट्रेक्सेट दिलं असेल किंवा देणार असेल, तर बाळाचा विचार आधी सांगा, ते गर्भाला घातक आहे.

एएनएवर खर्च होणार होता तो लघवीच्या तपासणीवर करा. मूत्रपिंडाचा ल्युपस बराच काळ न दुखता वाढतो आणि पहिली चाहूल लघवीतल्या प्रथिनात लागते. अँटी-डीएसडीएनए, म्हणजे डीएनएविरुद्धची अँटीबॉडी, सध्या निगेटिव्ह आहे हे दिलासा देणारं आहे, कारण मूत्रपिंडाच्या आजाराशी तिचं जास्त नातं आहे. पण एएनएसारखी ती एकदाच करून सोडायची नसते. ती, सी३ आणि सी४ ही कॉम्प्लिमेंट प्रथिनं, रक्तपेशी आणि रक्तदाब हे डॉक्टर ठरवतील त्या अंतराने बघत राहायचं. पायावर किंवा चेहऱ्यावर सूज आली, लघवीला फेस यायला लागला, श्वास घेताना छातीत दुखलं, ताप उतरेना किंवा डोक्यावर खवलेदार चट्टा येऊन तिथले केस गेले, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. छातीचं दुखणं किंवा धाप असेल तर त्याच दिवशी जा.

आणि चट्ट्यांचे फोटो काढा, दर आठवड्याला, एकाच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून. खाली तारीख आणि त्या आठवड्यात ऊन किती लागलं ते दोन शब्दांत. गोळी डॉक्टरांशी बोलून पुन्हा सुरू केलीत की पहिल्या महिन्यात या फोटोंत काही फरक दिसणार नाही, तेव्हा ती सोडावीशी वाटेल. सोडू नका. तिसऱ्या महिन्याचा फोटो पहिल्याशेजारी ठेवून बघा, आणि काय दिसतं ते मला नक्की लिहा.